लाखेच्या वस्तूवर डाग पडला तर

गौरी-गणपती आले की माळ्यावरचा चौरंग खाली येतो. घरात बाळ आले की आजीच्या वेळचा रंगीत पाळणा निघतो. कुठे पांढरट डाग, कुठे ओरखडा दिसतो आणि कुणीतरी ऑइलपेंटचा डबा आणून सगळे एकरंगी करून टाकतो. सावंतवाडीच्या चिताऱ्याने काढलेली वेलबुट्टी मग कायमची गेली!

भगिनींनो, थोडे थांबा. लाखेचा नवा हात जुन्या लाखेत विरघळून एकजीव होतो. तैलरंगाचे तसे नाही. मिरजेचे सतारमेकर तंबोऱ्याला चकाकी आणतात, ती स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या याच चपडा लाखेने.

आधी पारख करा. वस्तूच्या खालच्या अंगाला कापसाने स्पिरिटचा एक थेंब लावा. जागा चिकट झाली तर लाख समजा. काहीच झाले नाही तर हा उपाय तिथे चालणार नाही. चित्राचा रंग कापसाला लागला तर हात आवरा आणि वस्तू जाणत्या कारागिराला दाखवा.

पांढरा डाग : ओल्या किंवा गरम भांड्याने लाखेत दमटपणा शिरतो. वस्तू दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवा. डाग राहिलाच तर मऊ चिंधी स्पिरिटमध्ये बुडवून घट्ट पिळा आणि डागावरून एकदाच अलगद फिरवा. घासू नका.

ओरखडा : 200 मिलिलिटर स्पिरिटमध्ये 25 ग्रॅम चपडा लाख काचेच्या बाटलीत रात्रभर भिजवा, हलवा, फडक्यातून गाळा. लोखंडी डबा नको, लाख काळवंडते. मऊ ब्रशाने ओरखड्यापुरता पातळ हात द्या. वाळला की दुसरा, मग तिसरा. एकच जाड हात देऊ नका.

हे काम कोरड्या हवेत करावे. दमट हवेत नवा हातही पांढरा पडतो. जत-आटपाडीकडे फारशी अडचण नाही; पाटण-जावळीच्या मंडळींनी मात्र पाऊस सरेपर्यंत थांबावे.

स्पिरिट चटकन पेट घेते आणि पोटात गेले तर विष आहे. चूल, स्टोव्ह, देवाची समई यांपासून दूर, दार उघडे ठेवून काम करा. बाटलीवर नाव लिहून ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

पाळण्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाळ कठडा चावते. त्यावर जुना तैलरंग असेल तर त्यात शिसे असू शकते. तो खरवडू नका, पॉलिशपेपरने घासू नका. धूळ अंगणभर होईल. असा पाळणा शोभेला ठेवा, बाळाला झोळी बांधा.

एरवी मऊ कोरडे फडके पुरे. सोडा किंवा साबणाचे पाणी लाखेला लावू नये.