न पाहण्याची हुशारी

लाखो फोटोंच्या ढिगातून एकाच वास्तूचे फोटो नावावरून नव्हे, रूपावरून शोधायचे, तर संगणकांची फौज उभी केली की काम भागते, असा सोयीचा समज आहे. 2009 साली समीर अगरवाल, नोआ स्नेव्हली आणि सहकाऱ्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात केलेला प्रयोग पाहिला, तर हा समज टिकत नाही. त्यांनी फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावरून रोमचे दीड लाख फोटो उतरवून घेतले, सुमारे 500 कोअरच्या (म्हणजे गणनकेंद्रांच्या) संगणकसमूहावर ते जुळवले आणि वास्तूंच्या त्रिमितीय प्रतिकृती उभ्या केल्या. तेही 24 तासांच्या आत!

डोळे दिपतात ते या 500 आणि 24 ने. खरी गोम वेगळीच आहे. दीड लाखांतला प्रत्येक फोटो इतर प्रत्येकाशी ताडायचा, तर जोड्या होतात सव्वाअकराशे कोटी. एका कोअरने सेकंदाला दहा जोड्या उरकल्या असे धरले, तरी 500 कोअरना 26 दिवस राबावे लागेल. फोटो एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याचा वेळ वेगळाच. म्हणून या मंडळींनी बहुतेक जोड्या तपासल्याच नाहीत. प्रत्येक फोटोतले ठळक बारकावे (कमानीचा कोपरा, खांबाची कड) टिपून त्यांचे गट पाडले. पुस्तकाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीसारख्या या नोंदींवरून साधारण सारखे दिसणारे फोटो आधी वेचले आणि कसून तपासणी केली ती फक्त त्यांची. कोणती जोडी कोणत्या यंत्राकडे द्यायची, हेही फोटो आधीच कुठे साठवलेले आहेत ते पाहून ठरवले. फौज कामी आली, पण कुठे लढायचे नाही हे ठरल्यावर.

आता या प्रयोगाची दुसरी बाजू. ढिगातून ठसठशीत उभे राहिले ते कलोसियम, ट्रेव्ही कारंजे आणि सेंट पीटर्स चर्च. कलोसियमच्या प्रतिकृतीला कामी आले दोनेक हजार फोटो. एखाद्याच पर्यटकाने टिपलेल्या बोळाला मात्र जोडीदार मिळत नाही, आणि जोडीदार नाही म्हणून प्रतिकृतीत जागाही नाही. यात गणिताचा दोष नाही. त्याच्या वाट्याला आलेले रोमच गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडणाऱ्यांचे होते.

आज फोनवर फोटो दाखवून ‘हे काय आहे?’ विचारतो, तेव्हाही आधी वेचणी आणि मग तपासणी हाच क्रम साधारणपणे असतो. त्यामुळे ‘जुळणारे काही सापडले नाही’ याचा अर्थ एवढाच, की ते साठ्यात नाही किंवा वेचणीत आले नाही. तरीही व्हायरल फोटोच्या खरेखोटेपणाच्या वादात हेच उत्तर लोक बिनदिक्कत पुरावा म्हणून पुढे करतात. शोधसेवा साठ्यातल्या फोटोंचे अब्जांचे आकडे मिरवतात. आपल्या एका प्रश्नासाठी त्यांतले किती फोटो खरोखर ताडले गेले, तो आकडाही निकालाखाली दिसायला हवा.