रूथला कुणी विचारलं?

गर्भपातावर विनोदी चित्रपट काढणं हा निव्वळ असंस्कृतपणा आहे, असं एका जाणकारांनी नुकतंच ठणकावून सांगितलं. दुःखावर हसू नये, अशा चित्रपटांना भूमिका नसते आणि मुळात हा वाद अमेरिकेचा, ही त्यांची कारणं. शेवटचं आधी निकालात काढते. गर्भपाताचा कायदा आपल्याकडे १९७१ सालीच झाला; तरी आजही कितीतरी घरांत हा निर्णय सासू आणि नवरा घेतात.

आता दुःखावर हसण्याबद्दल. अलेक्झांडर पेन यांचा ‘सिटिझन रूथ’ (१९९६) या गृहस्थांनी पाहिलेला दिसत नाही. लॉरा डर्नने रंगवलेली रूथ नशेसाठी रंगाच्या वाफा हुंगते. चार मुलं झाली, एकही जवळ नाही, आणि पुन्हा दिवस गेलेत. अटक झाल्यावर, गर्भ पाडलास तर आरोप सौम्य करू, असं न्यायाधीशच तिला सुचवतात. गर्भपातविरोधक तिला तुरुंगातून आपल्या घरी नेतात. तिथून गर्भपाताच्या हक्काची बाजू घेणाऱ्या दुसऱ्या गटाची बाई तिला पळवते. तिच्या घरात चंद्राला उद्देशून गाणी म्हणतात! मूल ठेवावं म्हणून विरोधक पंधरा हजार डॉलर देऊ करतात, तर तिला मोकळेपणानं ठरवता यावं म्हणून दुसरीकडूनही तेवढेच पुढे येतात. आकडा ऐकून रूथचे डोळे लकाकतात. शेवटी गर्भ आपोआप पडतो आणि ती कुणाला सांगत नाही. पैशांची पिशवी घेऊन ती निदर्शकांच्या गर्दीतून चालत जाते. जिच्या नावानं घसे फुटताहेत, ती समोरून जाते आणि एकालाही ओळखू येत नाही. यात दुःखाची टिंगल कुठे आहे? हसू येतं ते फलक नाचवणाऱ्यांचं, आणि ते यायलाच हवं. ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आलं तेव्हा प्रेक्षक हसले ते बोहल्यावर चढायला आतुर झालेल्या म्हाताऱ्याला. शारदेच्या दुःखाला कुणी हसलं नाही. गंभीर विषयाला गंभीरच सूर हवा, हे तुणतुणं आम्ही किती वर्षं ऐकायचं?

भूमिका नाही म्हणता? रूथला कुणीच विचारत नाही, हे दाखवणं हीच भूमिका. उघड बाजू घेणारा चित्रपट हवा असेल तर ‘ऑब्व्हियस चाइल्ड’ (२०१४) आहे. त्यातली डॉना मंचावर विनोद सादर करते. ती गर्भपाताचा निर्णय घेते, तो पार पाडते आणि कथा तिला त्याची शिक्षा देत नाही. गर्भपात करणाऱ्या बाईला पडद्यावर रडवलंच पाहिजे, हा दंडक या चित्रपटानं मोडला.

गर्भपाताचा घटनात्मक हक्क देणारा १९७३ चा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली रद्द केला. रूथची गोष्ट त्यामुळे अजिबात जुनी झालेली नाही. वाचकहो, त्या जाणकारांच्या भरवशावर राहू नका. ‘सिटिझन रूथ’ स्वतः पाहा.