पागेच्या गप्पा पुरे, आधी घोडं नीट न्यायला शिका

मंडळी, आज जरा कडू लिहितोय. आपल्याच लोकांबद्दल आहे, म्हणून इथेच लिहितोय.

आम्ही इंदूरचे, पाच पिढ्यांपासून. घरात लग्न निघालं की एक गोष्ट हमखास निघते: "आपले पूर्वज होळकरांच्या पागेत होते." मग फेटे, तलवार, घोडीवरचे फोटो. त्या घोडीने सकाळपासून पाणी प्यायलंय का, असं विचारणारा वऱ्हाडी मी अजून पाहिलेला नाही.

माझी मुलगी घोडेस्वारी करते. मागच्या दत्तजयंतीला तिची चांदणी घेऊन आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेला निघालो. तिला तिथल्या शर्यतीत उतरायचं होतं. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर, पण वाटेत दोन उतार: धामनोदच्या आधी गणेश घाट आणि सेंधव्याच्या पुढे बिजासन. माझ्याकडे जीपमागे जोडायची दोन घोड्यांची ट्रॉली आहे, वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेली. पुढे आमचे एक चुलत दादा, त्यांचे चार घोडे उघड्या ट्रकमध्ये. दादांचं एकच पालुपद, "चार तासांत पोचू रे. घोडं आहे, काचेचं भांडं नाही."

निघताना घाई झाली. चांदणी एकटीच, म्हणून तिला उजव्या खणात घेतलं. आपल्याकडे रस्ता डाव्या कडेला उतरता असतो, एकटं घोडं ड्रायव्हरच्या बाजूला हवं, एवढं मला ठाऊक होतं. पण पाण्याचे दोन ड्रम आणि चाऱ्याचे गठ्ठे दादांच्या पोरांनी रिकाम्या खणात पार मागे टाकले. मी पाहिलं आणि "चालतंय" म्हणालो. चूक माझी.

गणेश घाटात ती चूक वसूल झाली. मागून दादांच्या ओळखीच्या दोन गाड्या हॉर्न मारत होत्या, म्हणून मी वेग सोडला नाही. उताराला ट्रॉली आधी मागून ढकलायला लागली, मग डावी-उजवीकडे झुलायला. मागे वजन जास्त झालं की ट्रॉलीचं नाक उचललं जातं आणि ती जीपलाच हलवते. ब्रेक दाबावासा वाटतो, तोच घात. मी ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं, झोल कमी झाल्यावर गिअर खाली आणला. जेमतेम अर्धा मिनिट गेला असेल. मागून खुरांचा आवाज येत होता, आणि शेजारी बसलेली मुलगी एक शब्द बोलली नाही.

खाली उतरून गाडी कडेला घेतली. चाकाजवळ हात नेववत नव्हता. चांदणी घामाने निथळत होती, मागचा एक पाय सोलवटला होता. ड्रम पुढे घेतले, तिचा दोर सैल केला, पाणी पाजलं, तासभर थांबलो. बिजासन दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. हॉर्न वाजले, वाजू दिले. पोचायला रात्र झाली.

दादा दुपारीच पोचले होते. त्यांच्या एका घोड्याचा गुडघा सुजलेला. चौघांच्या माना वाटभर वर बांधलेल्या. घोड्याला मान खाली घालता आली नाही तर नाका-घशातली घाण बाहेर पडत नाही, ती छातीत उतरते आणि न्यूमोनिया होतो. हे सांगितलं तर उत्तर काय? "आमचे आजोबा असेच न्यायचे."

नाही हो दादा. त्या काळी शिलेदार स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला यायचा. घोडं मेलं तर नुकसान त्याचंच, म्हणून घोडं जपूनच वापरावं लागायचं. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीबद्दलचं पत्र सगळ्यांना अभिमानाने आठवतं. त्यात काय आहे ते वाचा: दाणा-गवत आत्ताच उडवलंत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल; आगट्यांनी, दिव्याच्या वातीने गवताच्या गंजी पेटू देऊ नका. तलवारीचं नाही, चाऱ्याच्या हिशेबाचं पत्र आहे ते. आपण तलवार ठेवली आणि हिशेब विसरलो.

"ट्रॉली सगळ्यांना परवडत नाही," असं म्हणाल. खरं आहे. मग ट्रकच नीट करा ना! सरकारचे 1978 चे जनावरं वाहून नेण्याचे नियम आहेत. डॉक्टरांचा दाखला, बाजूंना गादी, पाय घसरणार नाही असा तळ, दोन घोड्यांमध्ये किमान 8 सेंटीमीटर जाडीचा बांबू, मागे आडवे दांडे, तोंडं डावीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांपासून दूर, आणि वेग ताशी 35 किलोमीटरच्या आत. बांबू, काथ्याची चटई, पेंढा भरलेली पोती. फेट्यांच्या खर्चात हे सगळं बसतं. महाग पडतो तो वेळ. 35 च्या वेगाने अडीचशे किलोमीटर म्हणजे थांबे धरून पुरा दिवस. तो द्यायचा नसेल तर घोडं घरी ठेवा आणि बसने यात्रेला जा.

दुसऱ्या दिवशी चांदणी मागचा पाय जपून टाकत होती. मुलीने शर्यतीतून नाव काढून घेतलं. वर्षभराची मेहनत होती तिची. आमच्यातले चार जण म्हणाले, "एवढ्या लांब येऊन? पळव, काही होत नाही." ती एवढंच म्हणाली, "काका, पाय तिचा आहे." आणि खरारा घेऊन चांदणीकडे गेली.

पागेचा वारसा असलाच, तर त्या दिवशी तो त्या खराऱ्यात होता. घाटात हॉर्न मारणाऱ्यांकडे नव्हता, आणि "चालतंय" म्हणणाऱ्या माझ्याकडेही नव्हता.

यंदा इंदूर, देवास, धारहून जे कोणी घोडी घेऊन जाणार आहेत, त्यांनी निघायच्या आठ दिवस आधी मला फोन करा. बांबू कसे बांधायचे, वजन कुठे ठेवायचं, हे मी येऊन दाखवीन. रागावलात तरी चालेल, पण बांबू बांधून रागवा.