‘आपण’ म्हणजे कोण?

नववीत इतिहासाच्या निबंधासाठी मी आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली साखरखेर्ड्याची लढाई घेतली. १७२४ साली इथे निजामुल्मुल्कानं मुबारिजखानाला हरवलं. मी मोठ्या ऐटीत लिहिलं, ‘आपण जिंकलो.’ सरांनी लाल शाईनं विचारलं, ‘आपण म्हणजे कोण?’

मी पुन्हा वाचलं. हरलेला मुबारिजखानही मुसलमान. जिंकलेल्या निजामाच्या बाजूनं मराठे. भांडण दख्खनच्या सुभेदारीचं. निबंध पहिल्यापासून लिहावा लागला.

आज मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. बिघाड का झाला, हे लॉग पाहिल्याशिवाय सांगत नाही. पण व्हॉट्सॲपवर इतिहास आला की आपण पुरावा न बघताच भांडतो. दोस्तांनो, कुणी ‘तुमचे-आमचे राजे’ म्हणालं, तर सरांचा प्रश्न विचारा. आधी स्वतःला.