परसाची भूक

जास्वंद, तगर, अनंत, कण्हेर, कामिनी, एक्झोरा, कढीलिंब. कोकणातल्या कुठल्याही घराभोवती एक फेरी मारा, यातली चार-पाच झुडपं तरी भेटतीलच. बारा महिने हिरवी, रोज देवपूजेला फुलं देणारी, फोडणीला पानं देणारी आणि कधी कुरकुर न करणारी. म्हणूनच बहुधा त्यांना कोणी काही विचारत नाही. ‘हिरवंगार आहे की! त्याला कशाला हवंय खत?’ हे वाक्य मी रत्नागिरीत इतक्या घरी ऐकलंय, की आता त्यावर चार शब्द लिहायलाच हवेत.

सदाहरित झाड पानं गाळत नाही, ही समजूत मुळातच चुकीची. ते गाळतं, पण एकदम नाही. थोडी थोडी, वर्षभर. जुनं पान गळण्याआधी झाड त्यातलं बरंचसं नत्र काढून नव्या पालवीला देतं. त्यामुळे मातीत फारसं काही उरलं नसलं, तरी ते काही महिने जुन्या पानांच्या जिवावर हिरवं दिसू शकतं. सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाणारी घरातली बाई नाही का हसतमुख दिसत, तसंच हे. फरक पडतो तो हळूहळू. जास्वंदीचं फूल लहान होत जातं, अनंताच्या कळ्या उमलण्याआधीच गळतात, कढीलिंबाची पानं फिकट आणि बारीक येतात. मग आपण म्हणतो, झाडाला दृष्ट लागली. दृष्ट कसली हो, उपासमार ती!

त्यातून आपली माती. जांभ्याचे चिरे घर बांधायला उत्तम, पण जांभ्याची माती झाडांच्या बाबतीत मोठी कंजूष. लोह भरपूर, चुना कमी, स्वभाव आंबट. तिच्यात घातलेलं स्फुरद लोहाला आणि ॲल्युमिनियमला असं चिकटून बसतं, की मुळांच्या हाती फारसं लागत नाही. वर पाऊस. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त, आणि तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नत्र, पालाश, मॅग्नेशियम सगळं धुऊन खाली नेतो. घाटावरची काळी माती खत धरून ठेवते, आपली नाही ठेवत. आपल्याकडे ते काम मुख्यतः एकच गोष्ट करते, ती म्हणजे मातीत कुजलेला पालापाचोळा.

आणि नेमका तोच आपण सकाळी सकाळी जाळून टाकतो!

माघ-फाल्गुनात आंबा, फणस, काजूचा पातेरा अंगणभर पडतो. बाई कमरेत वाकून तो गोळा करते, ढीग करते आणि काडी लावते. त्या ढिगातलं नत्र आणि कर्ब धुरावाटे निघून जातं. मागे उरते राख, म्हणजे थोडं पालाश, थोडा चुना. न्हाणीतल्या चुलीवर पाणी तापवायला पातेरा जळत असेल, तर निदान गरम पाणी तरी मिळतं. अंगणातल्या जाळाने काय मिळतं? डोळ्यांची आग आणि म्हाताऱ्या माणसांना खोकला. मग जूनच्या तोंडावर आपणच दुकानात जाऊन गांडूळखताची पिशवी विकत आणतो. घरचं अन्न जाळायचं आणि बाजारचं विकत घ्यायचं, हा कुठला हिशेब?

पूर्वी हे खपून जायचं, कारण गोठ्यात दोन-चार जनावरं असत. गायरीतलं शेणखत आधी शेताला, मग कलमांना आणि उरलेलं परसाला जाई. आज कितीतरी घरांच्या गोठ्यात गाय नाही, मोटारसायकल उभी आहे. शेणखत विकत घ्यावं लागतं आणि ते वेळेवर मिळेलच असं नाही. अशा दिवसांत पातेऱ्याला कचरा म्हणणं आपल्याला परवडणारं नाही.

आता तुम्ही म्हणाल, पातेरा ठेवला तर त्यात फुरसं येईल, विंचू येईल. ही भीती खोटी नाही. फुरसं आपल्या जिल्ह्यात सड्यावर, गडग्यात, पाल्यात असतंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध १९८० च्या दशकात वापरायला सुरुवात केली, त्याआधी कोकणात लाल विंचवाने किती जीव घेतले हे जुन्या माणसांना विचारा. तेव्हा आपल्या सासवा, आज्या दारासमोरचं अंगण लख्ख ठेवत, ते शहाणपणाचंच होतं. माझं म्हणणं एवढंच, की अंगण झाडा, पण जाळू नका. घरापासून दूर, परसाच्या टोकाला, चिऱ्यांचा कंबरेएवढा चौकोन रचा आणि पातेरा रोज तिथे टाका. हात घालायचा नाही, काठीने किंवा दाताळ्याने हलवायचा. अंधारात तर त्या बाजूला जायचंच नाही.

आंब्याचं पान चिवट, मेणचट, लवकर कुजत नाही. म्हणून थरावर थर देताना मधे शेणाचा पातळ काला किंवा मूठभर जुनं खत टाकावं आणि ढीग ओलसर ठेवावा. चौकोनावर झावळ्या घातल्या, तर पावसाचा मारा त्याला सोसवतो. एका वर्षाचा पातेरा पुढच्या वर्षी वापरायचा, असं धरून चालावं. आणखी एक सांगते. अशा ढिगात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि हा भुंगा म्हणजे माडाचा शत्रू. महिन्यातून एकदा ढीग उलटापालटा करायचा, पांढऱ्या जाड अळ्या सापडल्या तर कोंबड्यांपुढे टाकायच्या. कोंबड्या खूश, माडही सुरक्षित.

कायद्याचंही सांगून ठेवते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर मनाई केली आणि साध्या जाळण्याला ५,००० रुपये भरपाईची तरतूद ठेवली. आपल्याकडे कोणी ते वसूल करायला दारात येत नाही, ही गोष्ट वेगळी. पण दंडाच्या भीतीने नको, आपल्या फायद्यासाठी तरी काडी लावायची थांबवू या.

खत कधी घालायचं, हा पुढचा प्रश्न. थंड देशांतली बागकामाची पुस्तकं सांगतात, वसंत ऋतूत सदाहरित झुडपांना खत घाला आणि शरदात थांबवा, कारण पुढे हिम पडतं आणि कोवळी पालवी जळते. आपल्याकडे हिम कुठलं? आपल्या झाडांचं वर्ष थंडीवर नाही, पावसावर चालतं. तोच सल्ला इथे पाळून मार्चमध्ये खत घातलंत, तर विहिरीचं पाणी खाली गेलेलं, माती कोरडी आणि खताच्या क्षाराने मुळं होरपळलेली, अशी गत होते. म्हणून आपलं वेळापत्रक आपणच बांधायला हवं. आपल्या सणांवर ते इतकं बेतशीर बसतं, की वेगळं लक्षात ठेवायला नको.

मृगाचे पहिले दोन-चार पाऊस झाले, माती भिजली, की पहिलं जेवण. पुरुषभर उंचीच्या झुडपाला घमेलंभर कुजलेलं शेणखत किंवा पातेऱ्याचं खत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. ताजं शेण नको, त्याने मुळं भाजतात आणि हुमणी येते. खत बुंध्याशी ओतायचं नाही. फांद्यांचा घेर जिथे संपतो, तिथे गोल चर काढून मातीत मिसळायचं, कारण अन्न घेणारी बारीक मुळं तिकडे जास्त असतात. आषाढ-श्रावणातल्या मुसळधार पावसात मात्र हात आखडता घ्यायचा. कलमांना घालून उरलेला युरिया अनेक घरांत याच दिवसांत झुडपांच्या बुडाशी फेकला जातो. त्यातलं नत्र झाडाला लागण्याआधीच पाण्याबरोबर खाली झिरपतं, आणि जांभ्यातून झिरपलेलं पाणी शेवटी आपल्याच विहिरीत उतरतं. या दिवसांत एकच काम, आळ्यात पाणी तुंबू द्यायचं नाही.

गणपती गेले, हस्ताचा पाऊस ओसरला, की नवरात्र ते कोजागरी हे वर्षातलं मुख्य जेवण. चार महिन्यांच्या पावसाने माती धुऊन निघालेली असते, पण ओल असते, ऊन आलेलं असतं, मुळं तरतरीत असतात. आता पुन्हा घमेलंभर शेणखत आणि त्यातच मिसळून मूठभर १५:१५:१५. शेणखतात मिसळण्याला अर्थ आहे. स्फुरद थेट लाल मातीच्या तावडीत सापडत नाही. मी रासायनिक खताच्या विरुद्ध नाही. मीठ जसं चवीपुरतं, तसं ते घालावं. नुसत्या मिठावर कोणी जगत नाही, एवढंच.

मार्गशीर्ष-पौषात मोगऱ्याची छाटणी करून त्याला शेणखत आणि पेंड द्यावी, म्हणजे उन्हाळ्यात तो भरभरून फुलतो. बाकीच्या झुडपांना पंधरा दिवसांनी शेणाचं किंवा पेंडीचं पातळ पाणी पुरे. शिमग्यानंतर मात्र खत बंद. आता झाडाला हवी सावली आणि ओल. आळ्यात पातेऱ्याचा चार बोटं जाड थर, किंवा नारळाची सोडणं पालथी मांडावी. सोडणं पाणी धरून ठेवतात आणि कुजताना पालाशही देतात. थर बुंध्यापासून वीतभर लांब ठेवावा, नाहीतर वाळवी चढते. घराच्या जोत्याला आणि पायवाटेला लागून असलेल्या झाडांना हे आच्छादन नको, तिथे फुरश्याचा विचार आधी.

झाड काय मागतंय, ते पानं सांगतात. खालची जुनी पानं सगळीच पिवळी पडू लागली, तर नत्र कमी. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम कमी. पावसाळ्यानंतर आपल्याकडे असं होऊ शकतं. शेंड्याची कोवळी पानंच तशी दिसली, तर लोह मिळत नाही. तुम्ही म्हणाल, लाल मातीत लोहाला काय तोटा! जमिनीत नाहीच, पण फ्लॅटच्या गॅलरीतल्या कुंड्यांना बोअरचं जड पाणी घालत राहिलं, तर मातीचा आंबटपणा जातो आणि अनंत, एक्झोरासारख्या झाडांना असलेलं लोहही घेता येत नाही. त्यांना राखही घालू नये. कुंडीतल्या झाडाचं पोट लहान, म्हणून त्याला महिन्याला दोन मुठी गांडूळखत द्यावं, एकदम मोठा घास नको. मासे धुतलेलं पाणी कढीलिंबाला फार मानवतं, पण मिठाचं नको. माशांची खवलं, डोकी वर टाकू नयेत, खोल पुरावीत, नाहीतर मांजरं झाडासकट उकरतात.

शेवटी थोडं घरातल्या हिशेबाचं. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. हापूसला खत किती, कधी, कसं, हे आपल्याकडच्या बागायतदाराला तोंडपाठ असतं. असायलाच हवं, घर त्यावर चालतं. पण त्याच घराच्या मागच्या दारी कढीलिंब, लिंबू, जास्वंद असते. तिचा खर्च निघाला, की तो ‘बायकांचा नाद’ होतो. वर्षभराचा कढीलिंब, पूजेची फुलं, गणपतीतल्या दूर्वा-जास्वंदीचे हार हे सगळं बाजारातून आणायचं ठरवलं तर किती होतील, याची बेरीज एकदा कागदावर करून बघा. तो कागद घरातल्या सगळ्यांना दाखवा. जे झाड पैसे आणत नाही, पण पैसे वाचवतं, त्याचं श्रेय कुणाच्या वहीत लिहिलंच जात नाही. बायकांच्या बऱ्याच कामांचं असंच आहे.

म्हणून माझं सांगणं असं, की जूनमध्ये कलमांसाठी शेणखताची गाडी ठरवाल, तेव्हा त्यातली दहा घमेली परसाच्या नावाने आधीच बाजूला काढून घ्या. मागून उरलं तर बघू, असं म्हणू नका, कारण मागून कधीच उरत नाही. दसऱ्याच्या आसपासची एक सकाळ झुडपांना खत घालण्यासाठी राखून ठेवा आणि त्या कामाला घरातल्या पुरुषांना, मुलांनाही लावा. चर खणायला बळ लागतं, ते त्यांच्याकडे आहे. आणि पातेऱ्याचा चौकोन रचायला जून-दसऱ्याची वाट बघायची गरज नाही. चार चिरे तर प्रत्येकाच्या परसात पडलेले असतातच.