बॅटरीतलं शिसं आणि कोराडीची राख

‘विजेची गाडी कसली स्वच्छ? बॅटरीत शिसं, कोबाल्ट, मँगनीज. त्यापेक्षा कोळसा परवडला!’ नागपुरात हा युक्तिवाद शिकलीसवरलेली माणसंही करतात. बॅटरीतले धातू घातक आहेत, हे मला मान्य आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

धातू जळून नाहीसा होत नाही. तो कुठल्या रूपात आणि कुठे आहे, यावर त्याचा अपाय ठरतो. आपल्या जिल्ह्यातलं मँगनीजच घ्या. मनसर, कांद्री, गुमगावच्या खाणींतला काळा दगड पाण्यात सहजी विरघळत नाही. पण जमिनीखाली प्राणवायू संपला की तेच मँगनीज विरघळून पाण्यात उतरतं. असं पाणी बोअरमधून उपसताना नितळ दिसतं. बादलीत राहू द्या, हवा लागली की कडांना आणि तळाला काळपट थर धरतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम ही आपल्या मानकाची मर्यादा. दुसरा स्रोतच नसेल तर ०.३.

आता कोळसा. तो जळतो, पण त्यातलं आर्सेनिक आणि शिसं राखेत दाटून उरतं. पारा बराचसा धुराड्यातून वर जातो. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीजकेंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राख कोलार नदीत शिरली. कोलार कन्हानला मिळते, कन्हानचं पाणी नागपूर पितं. नदीत पसरलेली ती राख कोण गोळा करणार?

बॅटरीतलं शिसं मात्र डब्यात बंद असतं. ते वितळवून त्याचीच नवी बॅटरी होते, म्हणून तर ई-रिक्षाच्या सीटखालच्या चार निकामी बॅटऱ्यांनाही भंगारात भाव येतो.

पण ‘धूर नाही म्हणजे प्रदूषण नाही’ म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. आडोशाला बॅटरी फोडली, आम्ल नाल्यात ओतलं, शिशाच्या जाळ्या उघड्या भट्टीत वितळवल्या, की शिशाची बारीक धूळ शेजारच्या अंगणात बसते. तिथे रांगणाऱ्या लेकराच्या बोटांवाटे ती पोटात जाते. मुलांसाठी शिशाची सुरक्षित मात्रा ठाऊकच नाही.

२०२२च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांतले धातू परत मिळवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. बॅटरी पुरायला आणि जाळायला बंदी केली. आपल्या हातात उरतं ते एवढंच: भंगारवाल्याने चार पैसे जास्त देऊ केले तरी जुनी बॅटरी त्याला विकू नका. दुकानात परत द्या आणि पावती मागून घ्या.