परभाषेचा श्रीगणेशा

मूल जन्मते तेव्हा त्याला कोणतीच भाषा येत नसते. तरीही चार वर्षांच्या आत ते आईशी भांडू लागते, आजीजवळ गोष्टीचा हट्ट धरते आणि कधीही न पाहिलेल्या वाघाचे वर्णन करते. बालवयाची ही विलक्षण शक्ती पाहून पुष्कळांना वाटते की, परभाषेचा आरंभही होईल तितक्या लहान वयात करावा. महाराष्ट्रातील मराठी शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून शिकवीत असत; सन २००० पासून ती पहिलीतच सुरू झाली. या निर्णयामागील भावना योग्यच होती. सधन घरांतील मुलांना इंग्रजी लवकर लाभते. मग शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या मुलानेच पाचवीपर्यंत का थांबावे? हा प्रश्न न्यायाचा आहे. तो हसण्यावारी नेता येणार नाही. तथापि, आरंभ लवकर झाला म्हणजे भाषाही लवकर आली, हे अनुमान मात्र पारखून घेतले पाहिजे.

घरी मूल भाषा शिकते ते दिवसभर तिच्या सहवासात राहून. खेळताना, जेवताना, रडताना आणि रुसतानाही ती त्याच्या कानांवर पडत असते. शाळेची गोष्ट निराळी आहे. रोज अर्ध्या तासाची एक तासिका धरली आणि शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी ठरविलेले किमान २०० दिवस हिशेबात घेतले, तर वर्षाकाठी १०० तास होतात. मूल दिवसाचे बारा तास जागे असते असे मानले, तर घरची भाषा तेवढा वेळ नऊ दिवसांच्या आतच त्याच्या सहवासात येते. थेंबाथेंबाने मिळणाऱ्या पाण्यावर पोहायला शिकता येत नाही, ते याचमुळे.

अभ्यासकांनीही हा प्रश्न तपासून पाहिला आहे. स्पेनमध्ये शाळेतील परभाषेचा आरंभ अकराव्या वर्षाऐवजी आठव्या वर्षी होऊ लागला, तेव्हा बार्सिलोना येथील संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांची तुलना केली. तासांची संख्या सारखी असताना, उशिरा आरंभ केलेले विद्यार्थीच बहुतेक कसोट्यांत पुढे होते. नेदरलँड्समध्ये राहावयास आलेल्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षात डच भाषा सर्वांत वेगाने शिकली ती बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांनी. तीन ते पाच वर्षांची बालके त्यांच्या मागे राहिली. याचे कारण उघड आहे. मोठ्या मुलाला वाचता येते, तुलना करता येते आणि नियम ध्यानात ठेवता येतो. कारण एक भाषा त्याने आधीच पक्की केलेली असते.

मग बालवयाचा काहीच लाभ नाही काय? आहे, आणि तो मोठा आहे. लहान मुलाचा कान तीक्ष्ण व जीभ लवचीक असते. इंग्रजीत ‘वेट’ म्हणजे ओला आणि ‘व्हेट’ म्हणजे गुरांचा डॉक्टर. हा उच्चारभेद मराठी माणसाला प्रौढपणी साधणे कठीण जाते, पण तो सतत ऐकणाऱ्या बालकाला सहज साधतो. म्हणून पहिलीत इंग्रजी असावीच असे ठरले, तर ती कानांची आणि जिभेची असावी. गाणी, खेळ, आज्ञा आणि लहान संवाद यांतून तिची ओळख व्हावी. अक्षरांची घाई मात्र करू नये. मराठीत जसे लिहावे तसे बहुधा वाचता येते. इंग्रजीत तसे नाही. ‘बट’ आणि ‘पुट’ या दोन शब्दांतील निराळे स्वर एकाच अक्षराने लिहिले जातात. ज्याला अजून ‘कमळ’ नीट वाचता येत नाही, त्याच्यापुढे हे कोडे टाकले, तर ते न सोडवता पाठ करण्याचीच सवय त्याला लागते. मग ‘रेन’ हा शब्द मूल खणखणीत वाचते, पण बाहेर कोसळणाऱ्या पावसाशी त्याचे नाते त्याला ठाऊक नसते. अशा वाचनाला विद्या म्हणता येत नाही.

काही मुलांवर हा भार दुप्पट असतो. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या, गडचिरोलीत गोंडी वा माडिया बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातील मराठीच प्रथम नवी असते. त्याच वेळी तिसरी भाषाही लिहावयास लावली, तर तिन्हींतील एकही आपली वाटू नये, असा धोका उभा राहतो. ज्याच्या हितासाठी घाई करावयाची, त्याचेच अहित त्यातून घडते.

रवींद्रनाथ ठाकूर यांच्या बालपणी कलकत्त्यात सर्वत्र इंग्रजीचा बोलबाला होता. तशा काळात त्यांचे थोरले बंधू हेमेंद्रनाथ यांनी धाकट्या भावंडांना आधी बंगालीतून शिकविण्याचे धैर्य दाखविले. या उपकाराचे स्मरण रवींद्रनाथांनी आपल्या ‘जीवनस्मृति’त कृतज्ञतेने केले आहे. पुढे त्यांनी स्वतःच आपल्या कविता इंग्रजीत उतरविल्या आणि १९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मातृभाषेच्या पायावर परभाषेचा मजला किती उंच चढू शकतो, याचे याहून उत्तम उदाहरण क्वचितच सापडेल.

परभाषा ही परक्याची म्हणून टाळावयाची वस्तू नव्हे. ती जगाकडे उघडणारी खिडकी आहे. परंतु खिडकी बसवावयाची तर आधी भिंत उभी असावी लागते. म्हणून विचार करावयाचा तो केवळ इयत्तेचा नव्हे. शिक्षकाला ती भाषा बोलता येते काय, मुलाला आपल्या भाषेत वाचता येते काय, आणि शिकविलेले त्याला समजते काय, याचा आहे. सधन घरच्या मुलाइतकी चांगली इंग्रजी गरिबाच्या मुलाला मिळणे हा त्याचा हक्क आहे. तो हक्क नुसत्या लवकर उघडलेल्या पुस्तकाने पुरा होत नाही. चांगला शिक्षक आणि पक्का पाया यांनीच तो पुरा होतो. आणि ज्याला अकराव्या-बाराव्या वर्षीही इंग्रजी अवघड वाटते, त्याने आपली वेळ टळून गेली असे मुळीच समजू नये. शिकण्याचे उत्तम वय त्याच्या हाती आहे.